इस्त्री केलेला ओला शर्ट आणि खिडकीतली कोरडी पँट: चिपळूणच्या एका घरातलं प्रकरण

हे प्रकरण माझ्या माहेरचं, म्हणजे चिपळूणचं. जुलैचा तिसरा आठवडा, पाऊस उघडायचं नाव नाही, भाच्याच्या शाळेच्या ड्रेसचा एक जोड आधीच ओला पडलेला आणि दुसरा दुपारी धुतलेला, तो सकाळी सातच्या आत अंगात घालायचाय. शर्ट पांढरा, पूर्ण सुती. पँट निळी, टेरीकॉटची. दोन्ही मशीनमधून एकदमच पिळून काढले. शर्ट माजघरात फॅनखालच्या दोरीवर टाकला आणि तिथे जागा उरली नाही म्हणून पँट खिडकीजवळच्या दांडीवर गेली.

रात्री वहिनी भाकऱ्या आटपून तशीच गॅससमोरून उठून आली. शर्ट किंचित ओलसर होता म्हणून त्यावर इस्त्री फिरवली, हात लावून बघितला, म्हणाली झाला आता, आणि घडी घालून कपाटात ठेवून दिला. मग पँटला हात लावला आणि म्हणाली ही ओलीच आहे अजून, राहू दे रात्रभर. आई तिथेच बसलेली होती, तिने पँट खेचून गालाला लावली आणि म्हणाली, "अगं ही कोरडी आहे, गार पडलीय नुसती. तो शर्ट काढ बघू बाहेर, तो गार झाला की हात लाव त्याला." पण सगळे दमलेले होते, शर्ट कपाटातच राहिला. मला आईच्या बोलण्याने उत्सुकता वाटली म्हणून मी पँट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवला.

सकाळी शर्टाची कॉलर चक्क ओलसर, बाह्यांच्या शिवणी ओलसर आणि घडी उघडल्यावर तो कुबट वास. पँट मात्र हाताला रात्री लागत होती तशीच गार लागत होती, आणि काट्यावरचा आकडा जवळजवळ तोच. म्हणजे रात्रभर तिच्यातून काहीच गेलं नाही कारण जाण्यासारखं काही नव्हतंच. शर्टाचंही वजन केलं, मग तो फॅनखाली उलगडून टाकला, दुपारी परत वजन केलं तर दहा-बारा ग्रॅम कमी भरला. तेवढं पाणी त्या "वाळलेल्या" शर्टात होतं.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की एकाच माणसाने, एकाच हाताने, पाच मिनिटांच्या आत दोन अंदाज केले आणि दोन्ही उलट्या दिशेने चुकले, कोरडं ते ओलं वाटलं आणि ओलं ते कोरडं. आणि वहिनी काही नवखी नाही, कोकणातल्या पावसात घरभराचे कपडे वाळवण्यात तिची वर्षं गेलीत, तिचा हात कुणाहीपेक्षा तयार आहे. त्यामुळे ही निष्काळजीपणाची गोष्ट नाहीच. आपल्या त्वचेला पाणी कळत नाही, मुळातच कळत नाही, आणि जुलैतल्या कोकणात ते उघडं पडतं एवढंच.

हे वाक्य पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं पण ते शब्दशः खरं आहे. माणसाच्या त्वचेत गारवा ओळखणारे मज्जातंतू आहेत, उष्णता ओळखणारे आहेत, दाब, घासणं, कंपन, दुखणं या सगळ्यासाठी आहेत, पण ओलावा ओळखणारा असा एकही सापडलेला नाही. कीटकांकडे तो आहे. झुरळाच्या मिशांवर हवेतला दमटपणा मोजणारे खास अवयव असतात, कोरडी हवा आणि दमट हवा यांना वेगवेगळा प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात त्यांच्यात, आणि फळमाशीत तर यासाठी लागणारी जनुकंसुद्धा ओळखली गेलीत. आपल्याकडे त्यातलं काही नाही. आपला मेंदू बाकीच्या खबरी जमवतो, काहीतरी गार लागतंय, काहीतरी त्वचेला चिकटतंय, दाबल्यावर पसरतंय, आणि त्यावरून ठरवतो की हे ओलं असणार. हा अंदाज इतक्या झटकन होतो की आपल्याला तो अंदाज वाटतच नाही, थेट पाणी लागल्यासारखंच वाटतं.

ही कल्पना आजची नाही. 1900 साली मॅडिसन बेंटली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर प्रयोग छापले होते. बोटावर पातळ रबराचं आवरण चढवून बोट पाण्यात बुडवायचं, पाणी त्वचेला लागतच नाही, तरी माणसाला बोट ओलं झाल्यासारखं वाटतं. त्याचं म्हणणं की दाब आणि गारवा एकत्र आले की त्यातून ओलेपणा तयार होतो. हे घरी करून बघता येतं आणि मी सांगेन की कराच. हातात पातळ हँडग्लोव्ह घालायचा, भोक नाही ना ते बघायचं, आणि हात गार पाण्याच्या बादलीत घालायचा. भाच्याने केलं, हात बाहेर काढून ग्लोव्ह उतरवला आणि कोरडा हात बघून तो दुसऱ्या हाताने चाचपत राहिला. मग तेच कोमट पाण्यात करायचं, अंगाच्या उबेइतक्याच कोमट. त्यात दाब कळतो पण ओलं वाटणं खूपच कमी होतं. माझ्या मते हा प्रयोग सातवी-आठवीच्या मुलांना शाळेत करून दाखवायला हवा, याला खर्च काही नाही आणि स्वतःच्या हाताबद्दल एवढं सांगणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

अलीकडे इंग्लंडमधल्या लफबरो युनिव्हर्सिटीत डाविडे फिलिंगेरी, जॉर्ज हॅवेनिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मोजून दाखवलं. 2013 च्या एका अभ्यासात त्यांनी लोकांच्या त्वचेला पूर्ण कोरडी पण गार वस्तू लावली, पाण्याचा थेंब नाही, आणि त्वचा सेकंदाला साधारण 0.14 ते 0.41 अंश सेल्सिअस या वेगाने थंड होत असेल तर लोकांना ओलं वाटायचं. 2014 मध्ये त्यांनी उलट बाजू तपासली. पाणी तेवढंच ठेवलं, फक्त ते कधी गार, कधी त्वचेच्या तापमानाचं, कधी उबदार असं लावलं. गार होतं तेव्हा सगळ्यात ओलं वाटलं, उबदार होतं तेव्हा सगळ्यात कमी. मग दंडावर पट्टा दाबून स्पर्श आणि गारवा वाहून नेणारे मज्जातंतू थोडा वेळ बधिर केले तर ओलेपणा कळणंही तेवढंच मंदावलं.

आता हे वहिनीच्या हाताला लावून बघा. पँट खिडकीजवळ, बाहेरून पावसाची गार झुळूक येतेय, त्यात टेरीकॉटचं कापड गुळगुळीत, त्याचा त्वचेशी जास्त भागात संपर्क होतो म्हणून हातातली उष्णता ते पटकन ओढून घेतं, खरबरीत सुती कापड तेवढं ओढत नाही कारण त्याच्या वर आलेल्या बारीक तंतूंत हवा अडकलेली असते. आणि तिचा हात नुकताच भाकरीच्या तव्यावरून आलेला, चांगला तापलेला. गरम हात आणि गार कापड, म्हणजे त्वचा झपकन थंड होणार, आणि तो वेग मेंदूला पाण्याचा वाटणार. कोरडी पँट ओली ठरली. इस्त्रीखालून निघालेला शर्ट त्वचेपेक्षा गरम. गारवा नाही म्हणजे मेंदूच्या हिशोबातली मुख्य खबरच आली नाही. वर इस्त्रीने कापड सपाट आणि कडक झालेलं, म्हणजे चिकटण्याची खबरही नाही. दोन्ही साक्षीदार गप्प, त्यामुळे ओला शर्ट कोरडा ठरला.

गारवा ओळखणारा जो रेणू आहे त्याचं नाव टीआरपीएम-8, तो 2002 मध्ये सापडला, साधारण 25 ते 28 अंशांच्या खाली तापमान गेलं की तो जागा होतो आणि पुदिन्यातल्या मेंथॉलनेही जागा होतो, म्हणून तर पेपरमिंटची गोळी थंड लागते. स्पर्शाचा मुख्य रेणू पिएझो-2. या दोन दिशांच्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी, 2020 मध्ये, एका प्रयोगात त्वचेवर मेंथॉल लावून ओला स्पर्श दिला तर ओलेपणाची जाणीव वाढलेली दिसली. पाणी वाढवलं नव्हतं, फक्त गारव्याची तार छेडली होती.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग वर्षभर आपण कपडे हातानेच तपासतो आणि बरोबर ओळखतो ते कसं. तर इथे हवेचा भाग येतो आणि मला या प्रकरणात तोच सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा वाटला. पाणी वाळताना उष्णता घेतं, एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 जूल लागतात, ती उष्णता कापडातूनच जाते, म्हणून ओलं कापड आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतं. किती थंड, ते हवा किती कोरडी त्यावर. पुण्यात एप्रिलच्या दुपारी 38 अंश आणि हवेत 20 टक्के आर्द्रता असेल तर दोरीवरचं ओलं कापड सावलीत 21 अंशांच्या आसपास उतरू शकतं, म्हणजे शेजारच्या कोरड्या कापडापेक्षा तब्बल 17 अंश गार. तिथे कुणाचाही हात चुकत नाही, लहान मूलही सांगेल कुठलं ओलं. चिपळूणला जुलैत 27 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर तेच ओलं कापड फार तर 25 अंशांपर्यंत जातं. फरक दोन अंशांचा! आणि खिडकीच्या झुळुकीने, हात गरम असल्याने, कापडाच्या जातीने जो फरक पडतो तोही साधारण तेवढाच किंवा जास्त. त्यामुळे हाताला मिळणारी खरी खबर आणि खोटी खबर सारख्याच जोराची होते. घाटावरून लग्न होऊन कोकणात आलेल्या बायका पहिल्या पावसाळ्यात म्हणतात की इथे काही वाळतच नाही आणि वाळलं की नाही ते कळतही नाही, यातलं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच खरं आहे आणि त्याचं कारण हे दोन अंश.

एक खबर मात्र पावसाळ्यातही टिकते. पाणी हवेपेक्षा जवळजवळ 24 पट चांगलं उष्णता वाहून नेतं, म्हणून कापडाच्या तंतूंमधली हवा जाऊन तिथे पाणी आलं की हात टेकल्यावर ते जास्त वेगाने उष्णता ओढतं. पण हे कापड चांगलं ओलं असेल तेव्हाच ठळक कळतं. शेवटच्या टप्प्यात, म्हणजे नेमकं जेव्हा आपल्याला ठरवायचं असतं काढू की राहू देऊ, तेव्हा पाणी धाग्यांमधल्या मोकळ्या जागेतून गेलेलं असतं आणि सुती तंतूंच्या आत शोषलेलं तेवढं उरतं, ते हाताला जवळजवळ काहीच सांगत नाही.

सुती आणि टेरीकॉटमधला फरकही इथेच. 65 टक्के आर्द्रतेच्या साध्या हवेत 100 ग्रॅम पूर्ण कोरड्या सुती कापडात 7-8 ग्रॅम पाणी मुरलेलं असतंच, आणि हवा नव्वद टक्क्यांच्या आसपास गेली की 12 च्या वर जातं. पॉलिएस्टरमध्ये साध्या हवेत 0.4 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नसल्यासारखंच. टेरीकॉटमध्ये पॉलिएस्टरचा वाटा मोठा, म्हणून मशीनमध्ये पिळतानाच त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि उरलेलं पृष्ठभागावर असतं ते लवकर उडतं. ती पँट रात्री नऊपर्यंत कोरडी झाली यात नवल नाही.

आणि इस्त्रीने शर्ट का वाळला नाही? समजा शर्टात इस्त्रीआधी 40 ग्रॅम पाणी होतं, त्याला 96,000 जूल लागतील. 1000 वॅटची इस्त्री सेकंदाला 1000 जूल देते, म्हणजे कागदावर दीड मिनिटाच्या थोडं वर. पण इस्त्री सलग चालू नसते, तापली की आतला थर्मोस्टॅट ती बंद करतो, बरीच उष्णता हवेत आणि खालच्या घोंगडीत जाते, आणि निघालेली वाफही थोडी त्या घोंगडीतच शिरते आणि शर्ट उलटला की परत त्याला भेटते. कॉलर, कफ, बटणपट्टी इथे कापडाचे दोन-तीन थर, आत कडक अस्तर, आणि इस्त्री तिथे फिरते जेमतेम काही सेकंद. वरचा थर कडकडीत वाळतो, आतला तसाच. मग तो गरम असतानाच घडी घालून बंद कपाटात ठेवला की आतलं पाणी हळूहळू बाकीच्या कापडात पसरतं आणि बाहेर जायला वाट नाही.

त्या कुबट वासाबद्दलही थोडं लिहायला हवं कारण बऱ्याच घरांत तो साबणाचा दोष समजला जातो आणि मग दुप्पट पावडर टाकली जाते. 2012 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की सावलीत हळू वाळलेल्या कपड्यांच्या त्या विशिष्ट वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जीवाणू आहे, तो धुतल्यावरही कापडात टिकून राहतो आणि कापड जितका जास्त वेळ ओलसर राहील तितका त्याला वाव मिळतो. म्हणजे "हाताला कोरडा लागला" आणि "खरंच कोरडा आहे" यातला फरक नुसता विज्ञानाच्या गोडीचा विषय नाही, मुलाच्या अंगात दिवसभर काय राहणार त्याचा विषय आहे. कोकणात पावसाळ्यात काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली होणारं गजकर्ण कुणाला नवीन नाही, आणि ओलसर कपडे दिवसभर अंगात राहणं त्याला मदतच करतं.

आता आईकडे येते. तिने पँट गालाला लावली. ही सवय तिची एकटीची नाही, कोकणातल्या कित्येक बायका असंच करतात, लंगोट आणि दुपटी वाळवताना तर हमखास. याला आधार आहे. चेहरा, विशेषतः ओठ आणि गाल, तापमानाच्या बाबतीत शरीराचा सगळ्यात तल्लख भाग आहे. आणि फिलिंगेरी यांच्या गटाने बोटाचं टोक आणि हाताचा कोपराखालचा केसाळ भाग यांची तुलना केली तेव्हा ओलेपणा हाताच्या त्या भागाला जास्त कळला, बोटाला कमी. आपण ज्याने तपासतो ते बोटच या कामात कच्चं! त्यात घरकाम करणाऱ्या बाईची बोटं राठ झालेली, कधी गरम पाण्यातून आलेली कधी गार. गालाला यातलं काही नसतं, तो दिवसभर घरातल्याच हवेत असतो.

पण माझ्या मते आईचं खरं शहाणपण गालात नव्हतं, ते "गार झाला की हात लाव" या वाक्यात होतं. त्वचेला फरक कळतो, प्रमाण कळत नाही. तापमानाचा फरक आधी मिटवला तर जो फरक उरेल तो पाण्याचा. आईने विज्ञान शिकलेलं नाही, तिने हे कधी कुणाला समजावूनही सांगितलेलं नाही, पण बरोबर तीच गोष्ट ती करायला सांगत होती जी प्रयोगशाळेत पहिली करतात. वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई दरवेळी म्हणतात थांब म्हणून, पण कशासाठी थांबायचं ते आज कळलं."

त्यानंतर घरात जे बदललं ते सांगते. इस्त्री केलेलं कापड लगेच घडी होत नाही, हँगरला लावून फॅनखाली राहतं आणि गार झाल्यावरच तपासलं जातं, तेही आधी कॉलर आणि शिवणी उलटून, कारण सपाट भाग काहीच सांगत नाही. दोरीच्या एका टोकाला त्याच जातीचा एक जुना कोरडा शर्ट कायम लटकवलेला असतो, त्याच खोलीतल्या हवेत, तपासताना एक हात त्याला आणि एक हात धुतलेल्या शर्टाला. दोन्ही सारखे लागले तर वाळला. जीन्सच्या बाबतीत वहिनीला हे पटलेलं नाही, ती म्हणते जीन्स कोरडी लागली तरी जुलैत दोन रात्री राहू द्यावी, आणि जीन्सच्या खिशांची आतली पिशवी बघितली तर तिचं म्हणणं बरोबर आहे असंच मला वाटतं.

काट्याचं काम भाच्याने अंगावर घेतलंय. त्यात एक गोष्ट पहिल्यांदा गोंधळात टाकते. मे महिन्यात उन्हात वाळलेल्या शर्टाचं वजन लिहून ठेवलं आणि जुलैत शर्ट त्या वजनाला यायची वाट बघितली तर तो कधीच येणार नाही, कारण त्या हवेत सुती कापड थोडं पाणी धरूनच राहणार, फॅन कितीही फिरवा. म्हणून जुना आकडा बघायचा नाही. संध्याकाळी एकदा वजन करायचं, तास-दीड तासाने परत करायचं. कमी झालं असेल तर अजून पाणी निघतंय, राहू दे. तोच आकडा आला तर त्या दिवशीच्या हवेत तो जेवढा वाळू शकतो तेवढा वाळला, फॅन बंद करून कपाटात ठेवला तरी चालतो.